मेटफॉर्मिन, जनुके आणि दुप्पट केलेली गोळी : अमळनेर तालुक्यातील एक प्रकरण

"साखरनी गोयी कॅन्सरले मारस, खरं शे का?" (साखरेची गोळी कॅन्सरला मारते, खरे आहे का?) केमोथेरपीच्या वॉर्डात सलाईनच्या स्टँडशेजारी उभ्या असलेल्या मुलाने विचारलेला हा प्रश्न. त्याच्या आईने तीन आठवड्यांपूर्वीच स्वतःच्या मनाने उत्तर देऊन टाकले होते आणि त्याचे परिणाम म्हणून ती आता खाटेवर होती. प्रश्न वेडगळ नाही. गेली वीस वर्षे त्यावर जगभर गंभीर काम चालू आहे आणि मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची ती साखरेची गोळी, जनुकांच्या चालू-बंद होण्यात हात घालते, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसले आहे. घोळ होतो तो प्रयोगशाळेतली बशी आणि माणसाचे शरीर यांच्या मधल्या अंतरात.

ही आई, म्हणजे पुढची रुग्ण, प्रातिनिधिक आहे. अशा रुग्णांमध्ये नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ती उभी केली आहे.

सुरुवातीची स्थिती

वय ५४, शेतकरी कुटुंबातील, पाळी ४८व्या वर्षी थांबलेली, शाकाहारी. उंची १५२ सेंमी, वजन ६८ किलो. सात वर्षांपासून मधुमेह. गोळी एकच, दिवसातून दोनदा: मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ आणि ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ एकत्र असलेली. फेब्रुवारीत उजव्या स्तनात तीन सेंमीची गाठ, काखेत एक गाठ. सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे या हॉर्मोनांवर पोसणारी, पण हर-टू हे वाढीचे प्रथिन जास्त नसलेली गाठ. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) ०.९, म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळणीच्या वेगाचा अंदाज) साधारण ७६. हिमोग्लोबिन ११.४, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ९.१.

पहिली चूक कॅन्सरच्या उपचाराआधीच झाली. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावे म्हणून देतात ते द्रव्य) देऊन सीटी स्कॅन करताना "साखरेची गोळी दोन दिवस बंद" असे सांगितले गेले. पुन्हा कधी सुरू करायची, हे कुणी सांगितले नाही, तिनेही विचारले नाही. गोळी तीन आठवडे बंद राहिली. केमोच्या आदल्या दिवशी उपाशीपोटी साखर २४६ भरली.

मुळात थांबवण्याचीच गरज नव्हती. मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही; जसेच्या तसे मूत्रपिंडातून बाहेर पडते. कॉन्ट्रास्टमुळे मूत्रपिंड मंदावले तर औषध साचेल, एवढीच भीती. शिरेतून कॉन्ट्रास्ट देताना ईजीएफआर ६०च्या वर असेल आणि यकृत वगैरे ठीक असेल, तर गोळी चालू ठेवता येते. ३० ते ६०च्या दरम्यान असेल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१६च्या सूचनेनुसार तपासणीच्या वेळी थांबवून ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहून सुरू करायची. रेडिओलॉजीच्या काही नियमावल्या याहून सैल आहेत. पेट-सीटीचा, म्हणजे शरीरात ग्लुकोज कुठे जास्त ओढले जाते ते दाखवणाऱ्या तपासणीचा, मामला वेगळा. मेटफॉर्मिनमुळे आतडी ग्लुकोज ओढतात आणि चित्रात पोट उजळून दिसते, म्हणून तिथे दोन दिवस थांबवण्याला अर्थ आहे. कारण काहीही असो, "बंद" लिहिले की त्याच ओळीत "सुरू"ची तारीख लिहावी.

दुप्पट गोळी

मार्चच्या मध्यापासून डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची औषधे, दर २१ दिवसांनी, चार वेळा. शरीराचे क्षेत्रफळ १.६९ चौरस मीटर, त्यामुळे मात्रा अनुक्रमे सुमारे १०० आणि १००० मिग्रॅ. उलटी होऊ नये म्हणून पहिल्या दिवशी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १२ मिग्रॅ शिरेतून, पुढचे दोन दिवस ८ मिग्रॅ तोंडाने.

तिसऱ्या सायकलनंतर भाच्याने मोबाईलवर आलेला मजकूर वाचून दाखवला: मेटफॉर्मिन कॅन्सरच्या पेशींची उपासमार करते आणि "कॅन्सरची जनुके बंद करते". मावशी, दोनाच्या चार कर. तिने केल्या. वर्षानुवर्षे खाल्लेली, ओळखीची, स्वस्त गोळी, तिला काय घाबरायचे?

भाच्याच्या लक्षात न आलेली गोष्ट पाकिटावरच छापलेली होती. गोळी एकत्रित होती. मेटफॉर्मिन १००० वरून २००० मिग्रॅ झाले, ते एकवेळ चालले असते. पण ग्लिमेपिराइडही २ वरून ४ मिग्रॅ झाले. या एकत्रित गोळ्यांच्या नावापुढे येणारा १ किंवा २ हा आकडा बहुधा ग्लिमेपिराइडचा असतो आणि लोक तो मेटफॉर्मिनचा समजतात. मेटफॉर्मिन एकटे सहसा साखर फार खाली पाडत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पाडते, कारण ते स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढते, मग पोटात अन्न असो वा नसो.

मेटफॉर्मिन एकदम वाढवल्याने जुलाब सुरू झाले. ते केमोचे समजून अंगावर काढले गेले. मेच्या मध्यात चौथी सायकल झाली. बाहेर पारा ४४च्या वर, तोंडात छाले, दिवसभरात अर्धी भाकरी आणि थोडे ताक. पाचव्या दिवशी पहाटे ती घामाने डबडबलेली, असंबद्ध बोलताना सापडली. घरच्यांनी तोंडात गुळाचे पाणी ओतायचा प्रयत्न केला. शुद्ध नीट नसताना हे कधीही करू नये, पाणी फुप्फुसात जाते. दवाखान्यात ग्लुकोमीटरवर ३८.

२५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून दिल्यावर ती बोलू लागली. इथेच पुष्कळ ठिकाणी दुसरी चूक होते: माणूस उठून बसला की घरी पाठवतात. ग्लिमेपिराइड ज्यात मोडते त्या सल्फोनिलयुरिया गटातल्या औषधाने पडलेली साखर काही तासांनी पुन्हा पडते, आणि मूत्रपिंड मंद असेल तर जास्त. हिचे क्रिएटिनिन १.९ होते. सूत्रात घातले तर ईजीएफआर ३१ येतो, पण त्या आकड्यावर विसंबू नये. क्रिएटिनिन चढत असताना खरे काम त्याहून कमी असते. १० टक्के डेक्स्ट्रोजची संथ धार, दर तासाला साखर, सोबत सलाईन, ३६ तास देखरेख. लॅक्टेट २.८, रक्ताचा पीएच ७.३४. लॅक्टिक ॲसिडोसिस (रक्तात लॅक्टिक आम्ल साचणे) म्हणण्याइतके नाही, पण त्या वाटेवरचे. पांढऱ्या पेशी कमी असल्याने ताप नसतानाही रक्ताचा कल्चर घेतला.

पाच दिवसांत क्रिएटिनिन १.० वर आले. ती जेवू लागल्यावर मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ रात्रीच्या जेवणासोबत, आठवड्याने दोन वेळा. ग्लिमेपिराइड कायमचे बंद. त्याऐवजी टेनेलिग्लिप्टिन २० मिग्रॅ, ज्याची मात्रा मूत्रपिंडानुसार बदलावी लागत नाही. आणि गोळ्या मुद्दाम सुट्या दिल्या. केमो चालू असताना एकत्रित गोळी नको, कारण दोनपैकी एकच औषध थांबवायची वेळ कधीही येते.

मजकुरात खरे किती होते

भाच्याला खोटे ठरवून विषय संपत नाही. त्याने वाचलेल्यात तथ्य होते.

मेटफॉर्मिनचे मूळ गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतल्या ग्वानिडिन द्रव्यात आहे. १९५७ साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिल्याचे प्रसिद्ध केले. ते नेमके कसे चालते, हे मात्र बरेच उशिरा उलगडू लागले. पेशीतील मायटोकाँड्रियात वीजनिर्मितीची जी साखळी असते, तिच्या पहिल्या टप्प्यावर, म्हणजे कॉम्प्लेक्स-१ वर, मेटफॉर्मिन हलका पाय ठेवते. पेशीतले एटीपी घटते, एएमपी वाढते. हे वाढलेले एएमपी ओळखणारे एक प्रथिन असते: एएमपीके.

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर डोळ्यांसमोर आणावा. व्होल्टेज पडले की रिले मोटार बंद करतो, नाहीतर वायंडिंग जळेल. एएमपीके हा पेशीचा रिले. तो लागला की खर्चिक कामे थांबतात. चरबी बनवणे थांबते, प्रथिने बनवण्याचा मुख्य हुकूम देणारे एमटॉर शांत होते. वाढीसाठी हपापलेल्या कॅन्सरपेशीला हे अडचणीचे.

जनुकांचा भाग इथून पुढे. शेतात ठिबकची पाइपलाइन सगळीकडे एकच असते. कोणत्या ओळीला पाणी जायचे ते व्हॉल्व्ह ठरवतो. तसेच प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात, उघडी कोणती आणि बंद कोणती यावर ती यकृताची होते की स्तनाची, शिस्तीत वाढते की बेफाम. हे व्हॉल्व्ह म्हणजे डीएनएवर बसणारे मिथाइल गट आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणा. एएमपीके काही व्हॉल्व्हना थेट हात लावते.

ईझेडएच२ हे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) हिस्टोनवर खूण करून जनुके बंद करते. त्यात गाठीला आवर घालणारी जनुकेही येतात. एएमपीके त्याच्यावर फॉस्फेट चिकटवते आणि ते ज्या प्रथिनसमूहात काम करते त्याची जोडणी ढिली पडते. बंद जनुके पुन्हा उघडू शकतात. हे २०१८ मध्ये दाखवले गेले. त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात टेट२ या दुसऱ्या विकराबद्दलचे काम आले, आणि या रुग्णाच्या दृष्टीने ते सगळ्यात महत्त्वाचे. टेट२ डीएनएवरचे मिथाइल गट काढायची प्रक्रिया सुरू करते. एएमपीके त्याच्या ९९व्या सेरीनवर फॉस्फेट लावून त्याला टिकवून धरते. पेशीभोवती ग्लुकोज खूप झाले की एएमपीके मंदावते, टेट२ लवकर मोडते आणि डीएनएवरच्या खुणा बिघडतात. मेटफॉर्मिनने एएमपीके जागे केले की टेट२ टिकते. म्हणजे इथे जनुकांचा व्हॉल्व्ह फिरवणारी पहिली गोष्ट गोळी नाही, रक्तातली साखर आहे. गोळी तीन आठवडे बंद राहिल्यावर २४० च्या पुढे गेलेली साखर या बाजूने पाहिली तर वेगळीच दिसते.

याशिवाय डायसर हे सूक्ष्म-आरएनए घडवणारे विकर मेटफॉर्मिनने वाढते आणि सी-मिक हे कुप्रसिद्ध जनुक त्यातून दबते, असेही काम आहे. यकृतात सीबीपी नावाच्या सहकारी प्रथिनावर फॉस्फेट लागून नवीन ग्लुकोज बनवणारी जनुके थंडावतात. मधुमेहात साखर उतरण्यामागे हाही एक मार्ग सांगितला जातो. यकृत कमी ग्लुकोज सोडते, इन्सुलिन उतरते, आणि इन्सुलिन हे स्वतः पेशींना वाढीचा निरोप देणारे हॉर्मोन असल्याने तोही फायदा मोजावा लागतो.

मग चार गोळ्या का नाहीत

कारण मात्रा. पेशींवरच्या बहुतेक प्रयोगांत मेटफॉर्मिन १ ते १० मिलिमोल, कधी त्याहूनही जास्त वापरतात. औषधाचा रेणुभार १२९. म्हणजे ५ मिलिमोल हे लिटरला ६४५ मिग्रॅ झाले. नेहमीच्या मात्रेत माणसाच्या रक्तात ते लिटरला एक-दोन मिग्रॅ असते, म्हणजे फार तर १०-२० मायक्रोमोल. या ५ मिलिमोलशी फरक किमान अडीचशे पट. दोनाच्या चार गोळ्या केल्याने हा फरक अडीचशेवरून सव्वाशेवरही येत नाही, कारण मात्रा वाढेल तसे आतड्यातून शोषण प्रमाणात कमी होते आणि उरलेले जुलाबात जाते. बशीतली पातळी रक्तात आणायची म्हटली तर त्याआधी लॅक्टिक ॲसिडोसिसने माणूस दगावेल. याच कुळातले फेनफॉर्मिन सत्तरच्या दशकाअखेर याच कारणाने बहुतेक देशांत बाजारातून काढावे लागले.

धनभारामुळे औषध मायटोकाँड्रियात हळूहळू साठते, म्हणून रक्तातला आकडा पूर्ण कथा सांगत नाही, असा प्रतिवाद होतो, आणि तो बिनबुडाचा नाही. पण त्याआधी औषध पेशीत शिरायला हवे. त्यासाठी ओसीटी१सारखे वाहक लागतात. यकृतात ते भरपूर, आतड्यालाही औषध थेट मिळते. स्तनाच्या गाठीत वाहक किती, हे गाठीगाठीवर बदलते. शिवाय रिलेचे बटण दाबणारे एलकेबी१ हे प्रथिनच काही फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हरवलेले असते. आणि रिले मोटार वाचवण्यासाठी असतो, हे विसरू नये: उपासमारीत एएमपीके कॅन्सरपेशीलाही तगून राहायला मदत करू शकते.

माणसांवरचा पुरावा दोन टप्प्यांत आला. २००५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडीच्या संशोधकांना नोंदींमध्ये दिसले की मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत कॅन्सरचे प्रमाण कमी आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील एका पाहणीत स्तनाच्या कॅन्सरच्या मधुमेही रुग्णांपैकी मेटफॉर्मिन घेणाऱ्या २४ टक्क्यांची गाठ केमोने पूर्ण नाहीशी झाली, न घेणाऱ्यांत ८ टक्क्यांची. आशा इथून पेटली. मात्र अशा नोंदींमध्ये एक चकवा असतो. कपाशीच्या शेतात दुसऱ्या फवारणीपर्यंत जगलेली झाडे ‘फवारलेली’ धरली आणि त्याआधी मेलेली ‘न फवारलेली’, तर कुठलेही औषध गुणकारी ठरेल. मेटफॉर्मिनच्या अनेक पाहण्यांत काळाची मोजणी अशीच चुकली होती, हे २०१२ मध्ये सुइसा आणि अझुले यांनी दाखवले.

खरी कसोटी म्हणजे चिठ्ठी टाकून केलेली चाचणी. एमए-३२ या चाचणीत मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या ३,६४९ स्त्रिया होत्या. ८५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, पाच वर्षे. २०२२ मध्ये निकाल आला. या रुग्णासारख्या, हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह गटात कॅन्सर परतण्याच्या प्रमाणात फरक नाही, गुणोत्तर १.०१ (१ म्हणजे दोन्ही गट सारखे). हर-टू पॉझिटिव्ह गटात फायद्याची चाहूल लागली, पण ती मुख्य प्रश्नाबाहेरची, स्वतंत्रपणे तपासायची बाब. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशनसोबत दिल्यावर एका चाचणीत उपयोग झाला नाही आणि दुसऱ्या छोट्या चाचणीत तर मेटफॉर्मिनवाल्यांचे जास्त वाईट झाले. चांगली बातमी आतड्यातून आली, जिथे औषध गाढ मात्रेत पोचते. जपानमध्ये आतड्यातले पॉलिप (कोंभ) काढलेल्या, मधुमेह नसलेल्या १५१ जणांत फक्त २५० मिग्रॅ रोज वर्षभर दिल्यावर नवे ॲडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारे कोंभ) ५२ टक्क्यांऐवजी ३१ टक्क्यांत दिसले.

एमए-३२चा उलटा अर्थही काढू नये. "उपयोग नाही, मग बंद करा" असे म्हणणारा नातेवाईक हिच्याकडेही होता. ती चाचणी मधुमेह नसलेल्यांवर होती. हिला गोळी साखरेसाठी हवी आहे, आणि साखरेसाठी लागेल तेवढीच.

पुढचे महिने

डेक्सामेथासोनच्या दिवसांत हिची साखर सकाळी १३० आणि संध्याकाळी ३०० च्या वर असायची. स्टेरॉइडचा हा ठरलेला डाव आहे. फक्त उपाशीपोटीची साखर पाहणारे फसतात. मेटफॉर्मिन वाढवून ती चढण उतरत नाही, कारण त्याला पूर्ण जोर यायला दिवस लागतात. पुढचे केमोचे औषध पॅक्लिटॅक्सेल, त्यासोबतच्या स्टेरॉइडच्या दिवशी सकाळी एनपीएच (मध्यम काळ चालणारे) इन्सुलिन १० युनिट, दुपार-संध्याकाळच्या साखरेवरून दोन-दोन युनिटने कमीजास्त, आणि स्टेरॉइड थांबेल त्या दिवशी इन्सुलिनही बंद. घरी फ्रीज नव्हता. ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात, पिशवीत गुंडाळून, पाणी न लागेल अशी कुपी ठेवली.

चार सायकलनंतर हिमोग्लोबिन ७.६ वर आल्याने एक पिशवी रक्त चढवले होते. त्यानंतरचा एचबीएवनसी ६.८. घरचे खूश, पण ग्लुकोमीटर २१० ते २६० दाखवत होता. ग्लुकोमीटरच खरा. दुसऱ्याचे रक्त आणि नव्याने तयार झालेल्या लाल पेशी, दोन्हींवर तिच्या साखरेचा इतिहास लिहिलेलाच नसतो. नंदुरबार आणि शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात ही अडचण केमोशिवायही येते. तिथल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि सिकलसेलच्या रुग्णात एचबीएवनसीवर उपचार ठरवणे धोक्याचे.

पॅक्लिटॅक्सेल आठवड्याला १३५ मिग्रॅ, बारा वेळा. पाचव्या वेळी पायांना मुंग्या. पॅक्लिटॅक्सेलने होतात, मधुमेहाने होतात, हे सगळ्यांना माहीत. तिसरे कारण विसरले जाते. मेटफॉर्मिन बी-१२चे शोषण कमी करते, आणि शाकाहारी माणसाची शिल्लक आधीच बेताची. बी-१२ निघाले १४८. इंजेक्शन १००० मायक्रोग्रॅम, आठवडाभर रोज, मग चार आठवडे आठवड्यातून एकदा, नंतर महिन्याला. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, पण वाढल्याही नाहीत, आणि पॅक्लिटॅक्सेलची मात्रा कापावी लागली नाही. सात वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी स्त्रीचे बी-१२ केमोच्या आधीच पाहायला हवे होते.

ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया. त्या सकाळची मेटफॉर्मिन दिली नाही. दुसऱ्या दिवशी जेवण सुरू झाल्यावर आणि क्रिएटिनिन पाहून पुन्हा दिली. गाठ १.१ सेंमीवर आक्रसली होती. ते श्रेय केमोचे. मुलाने पुन्हा विचारले, थोडे तरी त्या गोळीचे असेल का? एका रुग्णावरून ते वेगळे काढता येत नाही, एवढेच उत्तर देता आले.

आता रेडिएशन संपून लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन घटवणारी गोळी चालू आहे. फाइलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिले आहे: मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत, उलटी, जुलाब किंवा दिवसभर जेवण नाही तर बंद, जेवण सुरू झाले की दुसऱ्या दिवशी सुरू, क्रिएटिनिन दर तीन महिन्यांनी आणि एप्रिलअखेर एकदा जास्तीचे, कारण पुढे मेचे ऊन असते, बी-१२ वर्षातून एकदा. खाली भाच्याचा फोन नंबर, त्याच्याच हस्ताक्षरात. गोळ्यांचा डबा दर रविवारी तोच भरतो.